संज्ञेमागचा प्रश्न

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य परभणी जिल्ह्यातल्या मुलाला कुणी शिकवत नाही. एस.टी.त, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत ते कानावर पडते आणि तोंडात बसते. ते इतके घट्ट का बसते, हे एकदा थांबून पाहण्यासारखे आहे. ‘जगात’ तीन अक्षरांचा, ‘जर्मनी’ही तीनच अक्षरांचा, ‘भारतात’ चार, ‘परभणी’ही चार. पहिल्या अर्ध्यात ‘ज’ दोनदा येतो, दुसऱ्यात ‘भ’ दोनदा. शेवटी ‘नी’ आणि ‘णी’ यांचे यमक आहे. काटेकोर शास्त्री त्याला कच्चे म्हणेल, पण आमच्याकडे बोलण्यात ‘ण’चा ‘न’ सर्रास होतो, त्यामुळे आमच्या पेडगावच्या बसस्टँडवर ते अगदी पक्के लागते. क्रियापद नाही. आणि गंमत पुढेच आहे. उपमेत चार गोष्टी लागतात: ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, दोघांत सारखा असलेला गुण, आणि ‘सारखे’, ‘जसे’ असा एखादा जोडणारा शब्द. इथे परभणी आहे, जर्मनी आहे. गुण गायब आणि जोडणारा शब्दही गायब. जर्मनी कशात मोठी? परभणी कशात तिच्यासारखी? वाक्य काही सांगत नाही. म्हणून बोलणारा ते छाती फुगवून म्हणू शकतो आणि रस्त्यातले खड्डे चुकवतानाही म्हणू शकतो. शब्द तेच, अर्थ उलटा.

आता यातल्या प्रत्येक गोष्टीला नाव आहे. अनुप्रास, यमक, लुप्तोपमा, व्यंजना, उपरोध. पण वाक्य ज्यांनी घडवले आणि वापरून घासून गुळगुळीत केले, त्यांना यातले एकही नाव माहीत असण्याची गरज पडली नाही. मग विद्यार्थ्याने ही नावे शिकायची कशाला? हा प्रश्न वर्गात उघडपणे क्वचित विचारला जातो. मनात मात्र शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांच्या असतो. त्याचे प्रामाणिक उत्तर ‘परीक्षेत विचारतात म्हणून’ एवढेच असेल, तर साहित्यसंज्ञांचे हे पुस्तक लिहायचे कारण नव्हते. गाइडे बाजारात भरपूर आहेत.

प्रत्येक साहित्यसंज्ञा कुणीतरी, कुठल्यातरी काळात, एका खऱ्या अडचणीपुढे उभे राहून घडवलेली असते. तिच्या पोटात एक प्रश्न असतो. ‘रस’ या शब्दामागचा प्रश्न आहे: नाटक पाहताना प्रेक्षकाचे नेमके काय होते? रंगमंचावर दुःख आणि आपल्याला आनंद, हे कसे? ‘अलंकार’ विचारतो: साधे विधान आणि काव्य यांत फरक कुठे पडतो? ‘ध्वनी’ विचारतो: जे बोललेच नाही ते ऐकू कसे आले? ‘निवेदक’ विचारतो: ही गोष्ट सांगतोय कोण, आणि त्याला हे सगळे ठाऊक कसे? व्याख्या पाठ केली की प्रश्न हरवतो आणि हाती नुसते लेबल उरते. प्रश्न धरून ठेवला की व्याख्या आपल्या शब्दांत मांडता येते. या पुस्तकाची सगळी भिस्त एवढ्यावर आहे.

मराठीच्या विद्यार्थ्याची अडचण दुहेरी आहे, कारण त्याच्या वाट्याला आलेल्या संज्ञा एका घरच्या नाहीत. काही संस्कृतातून आल्या, काही मराठीतच जन्मल्या, काही फारसी-उर्दूतून आणि काही इंग्रजीवाटे. चारही घरांचे प्रश्न वेगळे. पाठ्यपुस्तकात त्या एकाच पंगतीत बसतात आणि विद्यार्थी समजतो की रस, ओवी, काफिया आणि शोकात्मिका ही एकाच प्रकारची नावे आहेत.

संस्कृताचे घर सर्वांत जुने आणि सर्वांत शिस्तीचे. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त अलंकार अवघे चार आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. रस आठ. नाटक कसे उभे करायचे हा तिथला मुख्य विचार, म्हणून जोर रसावर. पुढे भामह आणि दंडी काव्याकडे वळले आणि अलंकारांची यादी वाढत गेली. वामनाने ‘रीती’ला, म्हणजे पदांच्या विशिष्ट रचनेला, काव्याचा आत्मा म्हटले. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहून सगळी चर्चाच दुसऱ्या बाजूला नेली: काव्याचे मर्म सांगितलेल्यात नाही, सुचवलेल्यात आहे. अभिनवगुप्ताने त्यावर टीका लिहिली, रसविचाराला तत्त्वज्ञानाची खोली दिली आणि शांत हा नववा रस ठामपणे मांडला. कुंतकाने वक्रोक्ती, क्षेमेंद्राने औचित्य पुढे केले. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त या सगळ्यांची घडी बसली, ते पुढे शतकानुशतके पाठ्यपुस्तक झाले. सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताच्या ‘रसगंगाधरा’पर्यंत ही परंपरा भांडत, खंडन-मंडन करत चालली. ‘भांडत’ हा शब्द मुद्दाम वापरतो. आपल्याकडे हे सारे एकमुखाने सांगितलेले सनातन ज्ञान म्हणून शिकवले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक आचार्य आधीच्याची चूक दाखवूनच पुढे सरकला आहे.

ध्वनीचेच घेऊ. ‘सूर्य मावळला’ एवढ्या एका वाक्यातून प्रत्येक ऐकणाऱ्याला वेगळा अर्थ सुचतो, हे उदाहरण संस्कृत आचार्यांचे लाडके. पेडगावात त्यासाठी सूर्य मावळण्याची वाट पाहावी लागत नाही. मानवत रोड आणि परभणी यांच्या दरम्यान आमचे स्टेशन आहे. ‘गाडीची शिट्टी झाली’ असे घरात कुणी म्हटले, की कॉलेजला जाणारी मुलगी चप्पल शोधू लागते, आई डब्यात भाकरी कोंबते, आणि बाजेवर पडलेल्या आजोबांना कळते की औषधाची वेळ झाली. शब्दांचा सरळ अर्थ एकच, गाडीची शिट्टी वाजली. ती अभिधा. ‘आज अख्खं स्टेशन चिडलं होतं’ म्हटले तर चिडली ती तिथली माणसे, इमारत नव्हे, ती लक्षणा. आणि शिट्टी ऐकून ज्याने त्याने जे उचलले ती व्यंजना. शब्दशक्तीचे प्रकरण कितीही अवघड वाटो, त्याचा गाभा एवढाच आहे, गुंतागुंत त्यानंतरची.

अलंकारांबाबत सर्वांत जास्त गोंधळ होतो तो जवळजवळच्या नावांत. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती हे शब्द वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या उदाहरणांसह दिले की विद्यार्थी चार उदाहरणे पाठ करतो आणि परीक्षेत पाचवे आले की अडतो. त्यापेक्षा एकच दृश्य घ्यावे आणि नुसती वाक्याची ठेवण बदलत जावे. वेचणीला आलेले कापसाचे रान. ‘हे रान बगळ्यांच्या थव्यासारखं पांढरं दिसतं’ ही उपमा: दोन गोष्टी वेगळ्या आहेत, सारख्या आहेत एवढेच म्हणणे. ‘जणू बगळ्यांचा थवाच उतरलाय’ ही उत्प्रेक्षा: आता कल्पना एक पाऊल पुढे गेली, पण ‘जणू’ने हात राखला आहे. ‘हे रान म्हणजे बगळ्यांचा थवा’ हे रूपक: हात सोडला, दोन्ही एकच झाले. ‘छे, हा कापूस कुठला, हे तर बगळे’ ही अपन्हुती: खऱ्याचाच नकार. ‘बोंडं म्हणावीत की बगळे?’ हा ससंदेह. एखाद्या पोराने खरेच बगळे समजून खडा भिरकावला तर भ्रांतिमान. ‘बगळाही मळका वाटावा असा कापूस’ म्हटले की व्यतिरेक, कारण आता उपमेयाने उपमानाला मागे टाकले. आणि कुणी वैतागून ‘आमच्या कापसासारखा आमचाच कापूस’ असे म्हणाले तर अनन्वय. रान तेच, बगळे तेच. बदलला तो बोलणाऱ्याचा धीटपणा: खरे आणि कल्पित यांतले अंतर त्याने किती राखले, किती मिटवले. या एका मोजमापावर आठही नावे ओळीने लावता येतात, आणि ओळ एकदा दिसली की पाठांतराची गरज फारशी उरत नाही.

दुसरे घर मराठीचे स्वतःचे. याच्याकडे साहित्यशास्त्राची पुस्तके सर्वांत कमी लक्ष देतात, ही माझी जुनी तक्रार. तेराव्या शतकातल्या महानुभावांचे पाहा. चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले, आणि त्यांची रचना तीन भागांत बांधली: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे सांगायचे तत्त्व, दृष्टान्त म्हणजे लोकव्यवहारातली गोष्ट, दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचा तत्त्वाशी उलगडून दाखवलेला सांधा. आंधळ्यांनी हत्ती चाचपून पाहिल्याची कथा मराठी गद्यात या ग्रंथात आहे. समजावून सांगण्याचे हे तंत्र आहे, तेही राजसभेसाठी नसून साध्या माणसांसाठी, त्यांच्या भाषेत घडवलेले. वक्तृत्वाचा विचार मराठीला बाहेरून आणावा लागला असे म्हणणाऱ्यांनी हे तीन शब्द तोंडपाठ करावेत. आजही गावातल्या सप्ताहात उभा राहणारा कीर्तनकार वेगळे काय करतो? नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व मांडतात, उत्तररंगात आख्यान लावतात आणि आख्यान पुन्हा तत्त्वाशी आणून बांधतात. ज्ञानेश्वरीत एका कल्पनेसाठी उपमांची माळ लागते तीही ऐकणाऱ्याला सोबत घेऊन जाण्यासाठीच.

ओवी आणि अभंग या संज्ञाही इथल्याच. ग्रंथातली ओवी चार चरणांची, पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. जात्यावरची ओवी मात्र अक्षरांचा हिशेब इतका काटेकोर पाळत नाही. ती जात्याच्या फेऱ्यावर चालते. हेमा राईरकर आणि गी पॉतव्हँ यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. हा साठा समोर ठेवला की ‘छंद’ या शब्दाची पाठ्यपुस्तकी व्याख्या अपुरी पडते, आणि पडायलाच हवी.

संज्ञा कुठे थांबते हेही विद्यार्थ्याला कळले पाहिजे. त्यासाठी गंगाखेडच्या जनाबाईंपेक्षा चांगला पाठ नाही. त्यांच्या अभंगांत विठ्ठल दळू लागतो, शेण वेचतो. इथे अलंकार कोणता? घाईत लिहिणारा ‘चेतनगुणोक्ती’ लिहून मोकळा होतो. पण निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण दिले तर चेतनगुणोक्ती. जनाबाईंसाठी विठ्ठल निर्जीव कधी होता? रूपक म्हणावे तर त्या ‘देव म्हणजे सोबती’ असे म्हणत नाहीत. तो आला आणि जात्याला हात लावून बसला, असे सांगतात. ते त्यांच्यापुरते घडलेले आहे. अशा जागी अलंकाराचे नाव लावण्याचा हट्ट सोडावा आणि दासीचे काम करणारी बाई देवाला कुठल्या कामाला लावते, हे पाहावे. रसग्रहण तिथे सुरू होते.

वृत्तांचे सविस्तर विवेचन इथे करत नाही. मात्र एक गंमत सांगतो. मोरोपंतांच्या आर्या म्हणून आपण जे वाचतो, त्यातला मोठा भाग शास्त्राच्या भाषेत ‘गीती’ आहे. आर्येच्या मात्रा 12, 18, 12, 15; गीतीच्या 12, 18, 12, 18. लोकांनी ‘आर्या’ हेच नाव चालवले आणि ते टिकले. संज्ञा दगडावर कोरलेल्या नसतात, वापरणारे त्या सरकवतात, याचे हे साधे उदाहरण.

तिसरे घर फारसी-उर्दूचे. पुण्या-मुंबईत छापलेल्या पुस्तकांत ते परिशिष्टात जाते, पण मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला ते परके नाही. 17 सप्टेंबर 1948पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून मिळे. त्या पिढीतल्या इथल्या शिकलेल्या माणसाला ‘यमक’ म्हणण्याआधी ‘काफिया’ म्हणणे सहज होते. सातोन्याला जन्मलेल्या आणि परभणीत नोकरी करत लिहिलेल्या बी. रघुनाथ (1913–1953) यांच्या एका कथासंग्रहाचे नाव ‘साकी’ आहे. त्यांच्या कवितेत उर्दूची चाल दिसते ती हौस म्हणून नाही, कानावर पडलेली भाषा म्हणून. मराठी गझलेचा पाया माधव ज्युलियनांनी घातला आणि सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून तिचे नियम नव्या कवींच्या हाती दिले. त्या बाराखडीतले मुख्य शब्द दोन ओळींत दाखवता येतात. नमुन्यासाठी घडवलेल्या या ओळी पाहा:

कोरडे हे रान झाले
पाखरू बेभान झाले

दोन्ही ओळींच्या शेवटी जसाच्या तसा येणारा ‘झाले’ हा रदीफ. त्याच्या अलीकडचे ‘रान’ आणि ‘भान’ हे काफिये. ‘न’च्या आधी दोन्हीकडे येणारा ‘आ’ ही अलामत. पहिल्याच शेरात दोन्ही ओळींत काफिया-रदीफ आले, म्हणून हा मतला. लगक्रम दोन्हीकडे गालगागा गालगागा. आणि शेर म्हणून या ओळी बेताच्या, कारण पहिली ओळ वाचून दुसरीची जी ओढ लागायला हवी ती फारशी लागत नाही. नियम पाळले म्हणून शेर होत नाही, हेही बाराखडीतच शिकायचे असते.

चौथे घर इंग्रजीवाटे आलेल्या युरोपीय विचारांचे. अव्वल इंग्रजीत कादंबरी आली. तिला नाव मिळाले ते बाणभट्टाच्या एका संस्कृत ग्रंथाचे. केशवसुतांनी चौदा ओळींची रचना मराठीत आणली आणि तिला चतुर्दशक म्हटले. रूढ झाले ते ‘सुनीत’. शोकात्मिका, निबंध, लघुकथा, खलनायक, कथानक, पात्रचित्रण ही आज वर्गात रोज वापरली जाणारी भाषा या वाटेने आली. आलेले नवे आणि घरातले जुने यांचा मेळ घालण्याचा मोठा उद्योग विसाव्या शतकातल्या मराठी समीक्षेने केला. रा. श्री. जोगांचे ‘अभिनव काव्यप्रकाश’ 1930चे. त्यापाठोपाठ द. के. केळकरांचे ‘काव्यालोचन’ आले, के. ना. वाटव्यांनी ‘रसविमर्शा’त रससिद्धान्त मानसशास्त्राच्या कसोटीवर लावला, ग. त्र्यं. देशपांड्यांनी ‘भारतीय साहित्यशास्त्रा’त संस्कृत परंपरा मराठी वाचकासाठी उलगडली. बा. सी. मर्ढेकरांनी वेगळीच वाट काढली. साहित्यकृती कुठल्या भावना जागवते हे बाजूला ठेवून तिच्यातल्या घटकांची लय कशी बांधली जाते, संवाद, विरोध आणि समतोल कसा साधला जातो, हे ते विचारत राहिले. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने 1974 साली या सगळ्या वादांना तात्त्विक शिस्त लावली. नव्या अभ्यासकाने ती पहिल्याच वर्षी उघडू नये; तिसऱ्या वर्षी मात्र उघडलीच पाहिजे.

ॲरिस्टॉटलचे दुसरे पुस्तक वक्तृत्वावर आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमांत ते जवळजवळ कुठेच नसते. ऐकणाऱ्याचे मन वळवण्याची तीन साधने तो सांगतो: बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास, ऐकणाऱ्यांच्या भावना आणि मुद्द्यांची जुळणी. ग्रामसभेत बसून पाहा. एक जण ‘माझ्या बापानं ही शाळा उभी केली’ म्हणून सुरुवात करतो, दुसरा पोरींना चिखलातून चालत जावे लागते ते वर्णन करून सगळ्यांना गप्प करतो, तिसरा खर्चाचा कागद वाचतो. तिन्ही साधने अर्ध्या तासात समोर येतात. अतिशयोक्ती, पुनरुक्ती, ज्याचे उत्तर नकोच असते असा प्रश्न, व्याजस्तुती: कवितेच्या प्रकरणात कोंडून ठेवलेले हे अलंकार भाषणात, जाहिरातीत, मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात जास्त काम करतात. आचार्य अत्रे दहा हजार वर्षांची भाषा करत तेव्हा श्रोते हसतही आणि पटवूनही घेत. ‘आमच्या रस्त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं, पोटभर जेवून निघालेला माणूस परभणीला पोचेस्तोवर पुन्हा भुकेला होतो’ ही व्याजस्तुती कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल. म्हणून या पुस्तकात भाषणाचे आणि जाहिरातीचे अलंकार कवितेच्या बरोबरीने घेतले आहेत.

संज्ञांना शेवटचा मोठा हिसका याच मराठवाड्यातून बसला. औरंगाबादच्या नागसेनवनात, डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, दलित साहित्याची वैचारिक घडण झाली. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने तिला व्यासपीठ दिले. या साहित्याने विचारले की, ज्या रसव्यवस्थेत आमच्या जगण्याला जागाच नव्हती, तिच्या मोजमापाने आम्हाला का मोजता? वेदना, नकार, विद्रोह हे शब्द तेव्हापासून समीक्षेच्या संज्ञा झाले. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ 1996चे. दुसऱ्या बाजूने भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेचा मुद्दा लावून धरला. दोन्ही विचारांशी भांडता येते. ते टाळून मात्र आज समीक्षेचा एक परिच्छेदही लिहिता येत नाही.

या हिसक्याने जुन्या संज्ञाही तपासून घ्याव्या लागल्या. प्रतिमा, रूपक आणि प्रतीक यांतला फरक विद्यार्थी नेहमी विचारतात. विहीर घेऊ. कवितेत दुपारची विहीर, तिच्या काठावरचे शेवाळ आणि रहाटाचा करकर आवाज असे काही आले की ती प्रतिमा. ती डोळ्याला, कानाला दिसते, ऐकू येते. ‘आजी म्हणजे गोष्टींची विहीर’ म्हटले की रूपक. पण दलित आत्मकथनांत पाणवठा पुन्हा पुन्हा येतो तेव्हा तो नुसता पाणवठा राहत नाही. कुणी पाणी शेंदायचे आणि कुणी दूर उभे राहून ओंजळ पुढे करायची, ही अख्खी व्यवस्था त्यात उभी असते. ते प्रतीक. रूपकाचा अर्थ त्याच वाक्यात संपतो. प्रतीक मागचापुढचा इतिहास घेऊन येते, म्हणून ज्याला 1927चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह माहीत नाही, त्याला त्या प्रतीकाचा अर्धाच अर्थ लागतो.

हे पुस्तक आत्ताच का? दहावी-बारावीच्या कृतिपत्रिकांत रसग्रहणाचे प्रश्न आल्यापासून आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य हे शब्द घरोघर पोचले, ही चांगली गोष्ट. पण त्याबरोबर तयार उत्तरेही पोचली. कविता कुठलीही असो, ‘कवीने साध्या-सोप्या भाषेत आशय प्रभावीपणे मांडला आहे’ हे वाक्य सगळ्यांच्या उत्तरात असते. स्पर्धापरीक्षांत ‘अलंकार ओळखा’ला चार पर्याय असतात आणि एकावर गोळा काळा करायचा असतो. तिथे प्रश्न उरतच नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, सोहळे झाले. पण जुन्या मराठीतले पान समोर ठेवले तर त्याच्याशी काय करायचे, हे शिकवणारी साधने विद्यार्थ्याच्या हातात किती आहेत? मोठे कोश आहेत आणि उत्तम आहेत. प्रभा गणोरकर, वसंत आबाजी डहाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’, विजया राजाध्यक्ष यांनी संपादित केलेला मराठी वाङ्मयकोशाचा समीक्षा-संज्ञांचा खंड, यांच्याशिवाय हे पुस्तक लिहिताच आले नसते. पण ते ग्रंथ ज्याला संज्ञा आधीच ठाऊक आहे आणि खोल उतरायचे आहे, त्याच्यासाठी. दारात उभ्या असलेल्या मुलाला आधी आत तर यावे लागेल.

परभणीला साहित्याचे वावडे कधी नव्हते. 1995चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे झाले, अध्यक्ष नारायण सुर्वे. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला 2016चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंद्रजित भालेराव यांची कविता शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हटली जाते. वाचण्यासारखे आणि लिहिणारे आजूबाजूला असताना संज्ञांची उदाहरणे मात्र कायम दूरच्या बागेतल्या कमळांची आणि चकोरांची. ती इथे कमी केली आहेत. चकोर पेडगावात कुणी पाहिलेला नाही, बगळे पाहिलेत.

पेडगावाचे नाव निघाले की ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ऐकून घ्यावे लागते. त्या वाक्प्रचारातले पेडगाव भीमाकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, असे मानतात. आमचा त्याच्याशी संबंध नाही. तरी उदाहरण म्हणून ते फुकट मिळाले आहे. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार, कारण त्याला वाक्यात बसवून क्रियापद चालवावे लागते: तो गेला, ती जाते, तुम्ही जाऊ नका. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण, कारण ती स्वतःच पुरे वाक्य आहे आणि तिला काळ-पुरुष लागत नाही. म्हण दखनी वळणाची, वाक्प्रचार अस्सल मराठी. आमच्या भागात दोन्ही एकाच तोंडात नांदतात.

पुस्तकाची मांडणी अकारविल्हे नाही. आधी ऐकण्याच्या संज्ञा, म्हणजे यमक, अनुप्रास, छंद, लय, मग अर्थाच्या, मग सांगण्याच्या, म्हणजे कथानक, निवेदक, दृष्टिकोन, मग पटवण्याच्या, आणि शेवटी साहित्याकडे पाहण्याच्या, म्हणजे रस, ध्वनी, वास्तववाद, देशीयता, विद्रोह. प्रत्येक नोंद उदाहरणाने सुरू होते, नाव नंतर येते. जिथे पंडितांचे एकमत नाही तिथे ते सांगितले आहे, निकाल दिलेला नाही. संरचनावाद आणि त्यापुढचे सिद्धान्त मुद्दाम थोडक्यात आटोपले. त्यांची भाषा या वयात ओझे होते, असा माझा अनुभव आहे आणि त्यावर मतभेद असू शकतो. संस्कृतातले पन्नास-साठ अलंकारही घेतले नाहीत. आज वाचनात ज्यांची गाठ पडते तेवढेच ठेवले. काव्यलिंग आणि परिसंख्या दिसत नाहीत म्हणून चुकचुकणाऱ्या जाणत्यांनी मम्मटाकडे जावे.

शिक्षकांना एक विनंती. वृत्तांच्या प्रकरणातले लगक्रम फळ्यावर लिहून देण्याआधी मुलांकडून टाळीवर म्हणून घ्यावेत: लघूला हलकी टाळी, गुरूला जोरात. भुजंगप्रयाताच्या बारा अक्षरांतले चार ‘य’ गण कानाला कळायला दोन मिनिटे लागतात, वहीत उतरवून कळायला आठवडा. शेजारच्या वर्गातून कुणी तक्रार केली तर त्यांनाही आत बोलवावे.

पेडगाव, जि. परभणी